कवळीकाकांची बटणं

माझ्या काकांशी बोलताना माणसं थोड्याच वेळात तोंडावर हात धरतात. काका काही वावगं बोलतात असं नाही, ते बघतात. समोरचा काय सांगतोय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं, सांगताना त्याचे जे दात दिसतात तिकडे सगळं लक्ष. आमच्या गल्लीतल्या कुणाचंही नाव त्यांना धड आठवत नाही. "तो नाही का, खालचे दोन पुढे आलेला," किंवा "ती गं, हसताना हिरड्या दाखवते ती," असं म्हणतात आणि आम्ही ओळखून घ्यायचं. एकदा माझं लग्न ठरत आलं होतं, तेव्हा मुलाबद्दल त्यांनी एवढंच मत दिलं: "झोपेत दात खातो. तापट असणार." तापट मी आहे, हे त्यांना चांगलं माहीत होतं. लग्न मोडलं ते माझ्याच तोंडामुळे, पण काका अजून ते श्रेय त्या मुलाच्या दाढांना देतात.

उभं आयुष्य त्यांनी कवळ्या बनवण्यात काढलं, म्हणून सगळी गल्ली त्यांना कवळीकाका म्हणते. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे, काका त्यात प्लास्टर ओतायचे आणि मग त्या पांढऱ्या जबड्यावर मेणात एकेक दात बसवायचे. त्यांचं एक ठाम मत होतं, आणि ते जेवताना, चालताना, कुणी विचारलं नाही तरी सांगायचे: सगळे दात एका रांगेत बसवले की कवळी खोटी दिसते. एखादा किंचित वळवायचा, एखादा केसभर आखूड ठेवायचा. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, हे याचेच. त्यांनी बनवलेल्या कवळ्या घालून माणसं नातवंडांना चावत होती म्हणे. हे "म्हणे" माझं. काका तर शपथेवर सांगतात.

मग त्यांच्या मालकांनी मशीन आणलं. मशीन दात कोरतं, सरळ रांगेत कोरतं आणि दात वळवावा की नाही यावर कुणाशी वाद घालत नाही. काकांना घरी बसवलं. ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांची तोंडं बघायचे. दाढी वाढली. चहा समोर गार व्हायचा. मी वरच्या मजल्यावर राहते. जिन्यावरून उतरताना ती पाठमोरी खुर्ची दिसली की मी उगाच दार आपटून बाहेर पडायचे.

काकूचं तेव्हा खालच्या खोलीत केकचं काम जोरात चालू होतं. काकू म्हणजे उंच, हडकुळी बाई, कपाळावर कायम पिठीसाखरेचा एक पट्टा. शब्द मोजून वापरते. तिच्याकडून सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "बरं आहे." एके दिवशी ती साखरेच्या पानांचं ताट घेऊन वर आली आणि खुर्चीसमोर ठेवून म्हणाली, "एवढी लावून द्या. माझा हात अडकलाय." तिचा हात अजिबात अडकला नव्हता. मी स्वतः पाहिलं, ती खाली जाऊन ओट्याला टेकून नुसती उभी राहिली होती.

काकांनी पानं लावली. कुठे एक पान वळवलं, कुठे एक जरा खाली झुकवलं, एकाच्या कडेला तपकिरी डाग दिला. केक बघून गिऱ्हाईक म्हणालं, खरी वेल चढलीय जणू. काकू म्हणाली, "बरं आहे." काकांनी दुसऱ्या दिवशी दाढी केली.

तेव्हापासून कॅन्डीची, म्हणजे चॉकलेटसारख्या वितळणाऱ्या रंगीत मिठाईची, नक्षी हे काकांचं खातं. दातांचे ठसे घ्यायचं रबर त्यांना ठाऊकच होतं. खाण्याच्या पदार्थांना चालेल असं तसलंच रबर त्यांनी शोधून काढलं आणि दिसेल त्या वस्तूचे साचे घ्यायला लागले. गरम पाण्यावर वाटी ठेवून कॅन्डी वितळवायची, साच्यात ओतायची, साचा हलकेच आपटून बुडबुडे काढायचे, थंड झालं की उलटं करून सोडवायचं. मग प्रत्येक तुकड्याच्या पाठीला वितळलेल्या कॅन्डीचा ठिपका लावून तो केकवर टेकवायचा आणि आळेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. जड तुकडे खाली, हलके वर. घाई केली की तुकडा सावकाश घसरत खाली येतो, आणि तो घसरलेला लक्षात येतो नेमका लग्नाच्या हॉलमध्ये. केक पोचवायचं काम माझं. गाडी माझी, शिव्याही माझ्याच. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी मोठ्यानं बोलते आणि मागच्या सीटवर काका केकच्या खोक्याला बाळासारखं धरून बसतात.

आता मला जे माहीत होतं ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी मी एकदा खालच्या खोलीत गेले, तर काका गरम पातेल्यात बोट बुडवून उभे. वितळलेल्या कॅन्डीत नाही, खालच्या पाण्यात. पाण्याला वाफ येत होती. मी किंचाळले तेव्हा त्यांनी बोट काढलं, आणि बोटावरचा फोड बघून त्यांना माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. बोटांची टोकं बधिर झाली होती. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं हाताळलेल्या, कवळीचं प्लास्टिक कालवायच्या औषधामुळे असेल, नाही तर वयामुळे असेल. स्पर्श परत येईल असं काही धरून चालू नका.

"काकूला बोलायचं नाही," काकांनी मला बजावलं.

"अहो, पण—"

"तिला कळलं तर ताट माझ्यापुढून उचलेल. ती काही बोलणार नाही, नुसती उचलेल. आणि मग मी परत त्या खुर्चीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला तिथे बसायचं नाही गं."

मी तोंडाला कुलूप लावलं, आणि माझ्यासारख्या बाईनं चार वर्षं ते कुलूप सांभाळलं याची कुठे तरी नोंद व्हायला हवी. काका डोळ्यांनी काम करायचे. चष्म्यावर दुसरा चष्मा लावून ठिपका आळला का ते बघायचे, कारण बोटाला कळत नव्हतं. आणि काम कुठे सैल पडलं नाही. हॉलमध्ये एकही तुकडा कधी घसरला नाही. मला वाटायचं, काय हा म्हातारा, बोटं गेली तरी हात गेला नाही.

मग शिवणवाली आली.

ती आमच्या पुढच्या चौकात कपडे शिवते. तिचं लग्न ठरलं होतं ते बटणांच्या दुकानवाल्याशी. इतकी वर्षं त्याच्याकडून बटणं घेता घेता जमलं. त्यामुळे केक कसा हवा हे विचारायची गरजच नव्हती. घडी घातलेल्या कापडासारखा फिक्या रंगाचा केक, खालच्या थराभोवती मोजायची टेप, वर दोऱ्याचं रीळ आणि सगळीकडे बटणं. पण बटणं दुकानातली नकोत, म्हणाली. तिनं घरच्यांच्या कपड्यांची बटणं कापून आणली होती. वडिलांच्या सदऱ्याचं, आजोबांच्या कोटाचं, नवऱ्याच्या शाळेतल्या जाकिटाचं, सासूच्या झग्याचं. प्रत्येकाचे साचे घ्यायचे आणि त्यांची कॅन्डीची बटणं करायची.

शेवटी तिनं पर्समधून एक छोटी डबी काढली. आत कापसावर एक तपकिरी बटण, चार भोकांचं, एका बाजूला कड उडालेलं.

"हे आईच्या कोटाचं," ती म्हणाली. "मी लहान असताना आई गेली. कोट कुणाला तरी देऊन टाकला. हे आधीच तुटून पडलं होतं म्हणून राहिलं. काका, बाकीची हरवली तरी चालतील. हे मात्र मला लग्नाच्या आधी हातात हवं."

"देईन," काका म्हणाले. आणि तिच्या दातांकडे न बघता म्हणाले, हे मी मुद्दाम सांगते.

त्या तपकिरी बटणावर त्यांनी जेवढा जीव लावला तेवढा कुणाच्या दातांवरही लावला नसेल. पहिला साचा सोडवताना फाटला. दुसऱ्याच्या वेळी बटणाला खायच्या तेलाचा हात पुसला, म्हणजे रबर सहज सुटावं. रंग जुळेपर्यंत कॅन्डीत चॉकलेट घालत राहिले, खरं बटण ताटात शेजारी ठेवून एकेक नग त्याच्याशी ताडून बघत राहिले. डझनभर बटणं उतरली, प्रत्येकाची तीच कड उडालेली, प्रत्येकावर तीच तेलाची झाक. मी म्हटलं, "काका, मला यातलं खरं कुठलं ते ओळखू येत नाही." त्यावर म्हातारा असा काही खुलला की आठवडाभर चालताना हात मागे बांधून चालत होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी बटणं लावली. तपकिरी बटणांची एक ओळ मधल्या थरावर, वरून खाली, कोट बंद केल्यासारखी. खरं बटण डबीत, डबी त्यांच्या स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात. तो कोट त्यांनी खुंटीला लावला आणि मला, काकूला, सगळ्यांना दम भरला की त्याला कुणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी हाकली. ऊन कडक होतं. काका कोट घालून मागे खोक्याला धरून बसले, काकू माझ्या शेजारी. केक सुखरूप पोचला, टेबलावर चढला. काकू गाडीतून सुरी आणि जादा तुकड्यांची पिशवी आणायला परत गेली. काका म्हणाले, "आता हे तिला देऊन येतो," आणि खिशातून डबी काढून उघडली.

बटण कापसाला चिकटलं होतं. काकांनी ते सोडवायला ओढलं, तर कापसाचे धागे घेऊन आलं. त्याची कड मऊ पडली होती आणि डबीच्या तळाला तपकिरी ओघळ आला होता.

मी चाखून बघितलं. गोड.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते केककडे वळले. मधल्या थरावर तपकिरी बटणांची ओळ, एकासारखं दुसरं, तीच कड, तीच झाक. त्यातलं एक त्या मुलीच्या आईचं होतं, आणि थोड्या वेळानं कुणीतरी ते कापून, ताटलीत घालून, चावणार होतं. किंवा दाताला लागलं म्हणून टाकून देणार होतं.

"थांब," काका म्हणाले. स्वतःलाच म्हणाले बहुतेक. "कॅन्डीला कॅन्डी धरते. खऱ्याला तेल लागलंय, त्याला ठिपका धरणार नाही. बोट लावलं की ते फिरेल." आणि त्यांनी पहिल्या बटणावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग परत पहिल्यावर. मग ते मागे सरले आणि हात माझ्यापुढे धरून म्हणाले, "तू कर. मला कळत नाही गं. फिरतंय की नाही तेच कळत नाही."

मी केलं. जमेल तितक्या हलक्या हातानं एकेक फिरवून बघितलं. एकही हललं नाही. परत वरून सुरुवात केली, जरा जोर लावला, आणि मधलं एक सरळ माझ्या हातात आलं, मागच्या लेपाचा टवका घेऊन. तेही कॅन्डीचंच. केकला भोक पडलं. मी तोंडातून जे काढलं ते लग्नाच्या हॉलमध्ये काढायचं नसतं.

तेवढ्यात नवरी आली. स्वतः शिवलेला पोशाख, केस अर्धे बांधलेले, हात पुढे केलेला. "काका, माझं बटण?"

मला वाटलं, काका काहीतरी वेळ मारून नेतील. थोड्या वेळानं देतो म्हणतील. मीच तसं म्हणणार होते, शब्द ओठांवर होते. पण काका तिच्यासमोर ताठ उभे राहिले.

"तुझ्या आईचं बटण माझ्याकडून हरवलं, बाळ," ते म्हणाले. "मी कॅन्डीचं डबीत ठेवलं आणि खरं केकवर लावलं. माझी बोटं गेलीत. गरम कळत नाही, गार कळत नाही, हातात काय आहे ते कळत नाही. चार वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही, कारण हे काम सुटलं तर मला दुसरं काही नाही. तुझं काम मी घ्यायलाच नको होतं."

नवरीचा हात तसाच पुढे राहिला. तिचे डोळे भरून आले. आणि काकू दारात उभी होती. हातात पिशवी, कपाळावर साखरेचा पट्टा. तिनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती; तिचं तोंडच सांगत होतं.

काकू सावकाश चालत आली. पिशवी टेबलावर ठेवली. पर्स उघडून रुमालाची एक गाठ काढली, सोडली, आणि आतलं तपकिरी बटण नवरीच्या हातावर ठेवलं.

"हरवलं नाही," ती म्हणाली. "काल दुपारीच काढून ठेवलंय. तिथे जादाचं एक लावलं."

मुलीनं मूठ मिटली आणि ती मूठ गालाशी धरली. मग आम्ही कुणी आहोत याचं भान न ठेवता रडली. माझ्या जिवात जीव आला. काकांचं मात्र तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते काकूकडे बघत होते.

"तुला कसं कळलं?"

"फिरलं."

"तू बोट कशाला लावलंस?"

काकू पर्स बंद करत राहिली. ती बंद व्हायला फार वेळ लागला. "मी लावते," ती म्हणाली. "तुम्ही दुपारी आडवे झालात की. सगळ्यांना. सैल असेल ते नीट बसवते. डबीतलंही बदलणार होते, पण तुम्ही कोटाला हात लावू देईनात."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"अहो, तुम्ही कपाला हात लावून म्हणता, निवलाय, पी. चार वर्षं तोंड पोळतंय माझं."

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात दाबलं. काका हसले नाहीत. "मग काढून का नाही घेतलंस काम माझ्याकडून?"

आणि काकू, जिनं इतक्या वर्षांत एका दमात चार वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती, ती बोलली. "काढून घेऊन काय करू? कुठलं पान कुठे वळवायचं ते मला दिसत नाही. मी लावलेलं सगळं सरळ रांगेत लागतं, दुकानातल्यासारखं. तुम्हाला दिसतं. घट्ट बसलंय की नाही ते मला कळतं. मला वाटत होतं, आपण दोघं मिळून करतोय."

काकांनी चष्मा काढला, दुसराही काढला, आणि बाहीला डोळे पुसले. त्यांना इतकं उघड्यावर रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मशीन आलं तेव्हासुद्धा नाही. मला त्या दोघांचा इतका राग आला, एकाच घरात राहून चार वर्षं एकमेकांपासून लपवत बसलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांचा, की मी त्यांना मिठीच मारली. काकूनं मला कोपरानं बाजूला केलं.

"भोक कुणी पाडलं हे?" तिनं विचारलं.

मी हात वर केला.

तिनं पिशवीतून एक जादा तपकिरी बटण काढलं. हॉलवाल्यांकडून गरम पाण्याचा पेला आणवला, चमच्यात कॅन्डी वितळवली, बटणाच्या पाठीला ठिपका दिला आणि ते काकांच्या तळहातावर ठेवलं. "लावा."

काकांनी दोन्ही चष्मे चढवले. बराच वेळ त्या भोकाकडे बघितलं, मग बटण टेकवलं, जरासं वळवलं आणि बोटानं धरून उभे राहिले. नवरी मूठ मिटून शेजारीच उभी होती. कुणीतरी तिला हाका मारत होतं, ती हलली नाही. काकांनी बोट काढलं. काकूनं कुणी आडवं व्हायची वाट बघितली नाही. त्यांच्या बोटाच्या जागी स्वतःचं बोट ठेवलं आणि हलकेच फिरवून बघितलं.

"बसलं का गं?" काकांनी विचारलं.

"बसलंय," काकू म्हणाली.